पाणसळीखालची जमीन

दोष दादाचा होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडे बोट दाखवायला नको. काचवाल्या बाईंचं अंगण खचलं, गाडीचं चाक रुतलं, आरसा फुटला आणि बाईंच्या मनगटाला अकरा टाके पडले. हे सगळं दादाचं कर्तृत्व. मी फक्त त्याच्या हातात होते.

मी पाणसळ. भिंत, फरशी, अंगण सपाट आहे का, हे गवंडी ज्या लाकडी पट्टीला विचारतो, ती मी. माझ्या पोटात काचेची नळी आहे, नळीत हिरवट पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. तो दोन रेघांच्या मधे थांबला की भल्याभल्यांचा जीव भांड्यात पडतो.

एका सुताराने सागवानाच्या दोन फुटी तुकड्यातून मला तासून काढलं आणि दोन्ही टोकांना पितळी टोप्या ठोकल्या. दादाच्या वडिलांनी मला विकत घेतलं. बावीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. काम संपलं की ते मला पुसून ठेवायचे, एवढं आठवतं. ते गेल्यावर मी दादाकडे आले. का, तर तो थोरला. हात कुणाचा नेमका आहे, हे कुणी विचारलं नाही. घरातल्या वस्तू वयाप्रमाणे वाटतात, आणि अक्कलही त्याच हिशेबाने वाटली जाते असं मोठ्यांना मनापासून वाटतं.

नेमका हात होता धाकट्याचा. दादाचा भाऊ, छत्तीस वर्षांचा, मिशीत पांढरे केस डोकावायला लागले तरी नाव धाकटाच. पंधरा वर्षं तो दादाच्या हाताखाली अंगणांत सिमेंटचे ब्लॉक बसवत होता. दादा, वहिनी, आई आणि तो, सगळे एकाच घरात.

काचवाल्या बाईंचा काच कापायचा कारखाना. शेडपासून रस्त्यापर्यंत चाळीस फुटांचं अंगण. कापलेल्या काचा एका तिरक्या पाठीच्या गाडीवर उभ्या करून त्याच अंगणातून ढकलत टेम्पोपर्यंत न्यायच्या. काचेच्या कडा घासणारं यंत्र दिवसभर पाणी सांडतं, ते सगळं अंगणात येतं. चिखलाला कंटाळून बाईंनी ब्लॉक बसवायला सांगितले.

दादाने चार बोटं माती खरवडली आणि वाळू पसरली.

“दादा, खाली चिकणमाती आहे,” धाकटा हळूच म्हणाला. “पाणी प्याली की फुगते, वाळली की भेगाळते. खडी घालूया का?”

“तू माती काढायला आलायस की ब्लॉक बसवायला? लोक वरून चालतात, खालून नाही.”

ब्लॉक बसले. दादाने मला वर ठेवलं आणि बाईंना मुद्दाम हाक मारली. “बघा, जावयासारखा मधोमध बसलाय बुडबुडा.”

मी खोटं बोलले नाही. मला वरचं विचारलं, मी वरचं सांगितलं. खालचं मला कधी कुणी विचारलंच नव्हतं. आणि दुसरी गंमत ऐका. उघड्या अंगणात बुडबुडा मधोमध असणं हीच खरी चूक. ताटासारख्या सपाट अंगणावरचं पाणी जाणार कुठे? ते तिथेच बसलं, सांध्यांतून खाली उतरलं, आणि खालच्या मातीचं लोणी झालं.

चार महिन्यांत गाडीच्या चाकांचे दोन चर पडले. दादा आला, ब्लॉक उचकटले, खड्ड्यात वाळू कोंबली, ब्लॉक परत ठेवले. पुन्हा चर पडले. पुन्हा वाळू. जखम कसलीही असो, दादाकडे मलम एकच.

तिसऱ्यांदा चाक रुतलं तेव्हा गाडीवर पुरुषभर उंचीचा आरसा होता. बाईंनी तो धरायला हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी दादा पाहणी करायला आला. खचलेल्या चराजवळ उभा राहून म्हणतो, “गाडी तिरकी ढकलली असणार तुम्ही.”

बाईंचा हात गळ्यात बांधलेला होता. “मिस्त्री, मी तेवीस वर्षं काच ढकलतेय. तिरकी ढकलली असती तर आत्तापर्यंत मला शिवायला दोरा पुरला नसता.”

आणि मग धाकटा बोलला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा, तिसऱ्या माणसासमोर. “दादा, गाडी सरळच होती. आपण खाली काहीच घातलेलं नाही.”

“गिऱ्हाइकासमोर बोलतोस?”

“गिऱ्हाइकाचा हात कापलाय, दादा.”

मी दादाच्या मुठीत होते. मूठ इतकी आवळली की माझी पितळी टोपी करकरली. मग त्याने मला वाळूच्या ढिगावर भिरकावलं. “शहाणा झालास ना? मग तूच कर. हीसुद्धा ठेव. आणि एक ऐकून ठेव. काम फसलं तर ये परत, माझी घमेली उचलायला. जमलं तर घरी येऊच नकोस.”

आता तुम्हीच सांगा, याला मोठेपणा म्हणायचं? फसला तर गडी, जमला तर परका. सापळा तरी दोन्ही बाजूंनी बंद नसतो.

बाईंनी मला वाळूतून उचललं आणि पदराने माझी नळी पुसली. काचेची पारख त्यांना, उजेडाकडे धरून म्हणाल्या, “तडा नाही. किती दिवस लागतील?”

“आठ.”

“नवव्या दिवशी माझा दहा फुटी आरसा जायचाय, नाचाच्या वर्गासाठी. याच अंगणातून जाईल. नीट गेला तर शेडमागचं अंगणही तुझ्याकडे, फुटला तर ते काम तुला नाही.”

“चालेल,” धाकटा म्हणाला.

आणि मग काय दिवस आले ते. माझ्या इतक्या वर्षांच्या आयुष्यात मी अशी थरारले नव्हते. दोन गडी हाताशी घेऊन त्याने अख्खं अंगण उकरलं. मी कायम वरवर जगलेली बाई. चकचकीत फरशा आणि गुळगुळीत गिलावे यापलीकडे काही बघितलं नव्हतं. पहिल्यांदा मला कुणी खड्ड्यात नेलं. मातीचा ओला वास, मुळांचे तुकडे, गेल्या खेपेची वाया गेलेली वाळू. म्हणजे मी ज्यावर उभी राहून शपथा घेत होते, ते हे होतं तर.

फूटभर खणल्यावर तो थांबला. अजून खणायचं का, ते कळेना. त्याने घरी फोन लावला.

“आई, बाबा असल्या मातीत किती खणायचे?”

आई म्हणाली, “कोपरापर्यंत हात जाईल इतकं. वर खडी, थराथराने.”

“तुला माहीत होतं?”

“बावीस वर्षं त्यांचे कपडे धुतलेत मी. माती कुठवर लागायची ते मला माहीत नसेल?”

“मग दादाला का नाही सांगितलंस?”

“मोठा आहे तो. त्याचा मान राहायला नको?”

धाकट्याने फोन खिशात टाकला आणि कुदळ उचलली. मी मात्र बोलणार. बाईंच्या मनगटावरच्या अकरा टाक्यांतले निम्मे या मानाचे आहेत.

कोपरापर्यंत हात गेला तेव्हा त्याने तळ ठोकून घट्ट केला आणि त्यावर जाड कापड अंथरलं. पाणी खाली जाऊ देणारं, पण माती वर येऊ न देणारं. मग आम्ही खडी आणायला गेलो. खडीवाल्याने ओढ्यातले गोल गोटे दाखवले. “हे घ्या. दिसायला एकदम सुरेख.”

“खाली बघायला कोण जाणारे?” धाकटा म्हणाला. त्याने गोट्यांची मूठ आवळली. गोटे बोटांमधून निसटून गेले. मग फोडलेल्या खडीची मूठ भरली. लहानमोठे तुकडे, धारदार कडा, सोबत त्यांचीच भुकटी. आवळली, उघडली. तळहातावर लाडू वळल्यासारखी बसून राहिली. “गोल माल एकमेकांना धरत नाही,” तो गड्यांना म्हणाला. “टोचणारी माणसंच धरून ठेवतात.”

“तुमच्या दादासारखी?” एक गडी म्हणाला, आणि धाकटा त्या आठवड्यात पहिल्यांदा हसला.

चार बोटं खडी पसरायची, पाण्याचा शिडकावा करायचा, ठोकायचं मशीन फिरवायचं. मग पुढचा थर. एकदम सगळी ओतली तर वरची साय घट्ट होते आणि आतलं दूध पातळच राहतं. मशीनच्या धडधडीने माझा बुडबुडा दिवसभर नाचत होता, आणि खरं सांगते, मीही.

उताराची वेळ आली तेव्हा मात्र मी बिथरले. त्याने माझ्या एका टोकाखाली, रस्त्याकडच्या बाजूला, अर्ध्या इंचाचा लाकडी ठोकळा सरकवला. माझ्याखाली? मला तिरकं बसवून? पण बुडबुडा सरकत सरकत मधे आला, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ठोकळ्यासकट बुडबुडा मधे, म्हणजे ठोकळ्याशिवाय दोन फुटांना अर्धा इंच उतार. पाणी शेडकडून रस्त्याकडच्या गटारात, आपल्या पायांनी. दादाने मला इतकी वर्षं एकच प्रश्न विचारला. या माणसाने नवा प्रश्न शोधून काढला होता.

सातव्या दिवशी संध्याकाळी शेवटच्या थरावर मी एक खळगा दाखवला. बोटभर खोल, परातीएवढा. भाड्याचं मशीन परत करायची वेळ झाली होती, गडी हात धूत होते. वाळूचं घमेलं शेजारीच होतं. धाकट्याने खळग्याकडे बघितलं, मग घमेल्याकडे. हात घमेल्यात गेलाही. त्या क्षणी मला तो हुबेहूब दादा दिसला. तेच खांदे, तीच घाई. ओंजळभर वाळू, वर ब्लॉक, कुणाला कळणार होतं?

हात घमेल्यातच थांबला. मग त्याने वाळू झटकली. “मशीन उद्यापर्यंत राहू दे म्हणावं,” तो गड्याला म्हणाला. “हा तुकडा खडीनेच भरायचा.”

“बोटभर तर आहे.”

“दादाही बोटभरच म्हणायचा.”

आठव्या दिवशी सकाळी खळगा खरवडून खडीने भरला, ठोकला. धाकट्याने टाच मारली तर टाचच दुखली. कडेला न हलणारी दगडांची ओळ बसली. मग वाळू, फक्त इंचभर, दोन लोखंडी नळ्यांवरून फळी ओढून सारखी केलेली. त्यावर कुणाला पाऊल टाकू दिलं नाही. मग ब्लॉक, सांध्यांत बारीक वाळू, पुन्हा मशीन. दिवस मावळेपर्यंत अंगण तयार होतं.

नववा दिवस. बाईंनी सकाळीच पाण्याची नळी सोडली. पाणी शेडच्या उंबऱ्याशी क्षणभर घुटमळलं आणि मग निघालं, सरळ, चाळीस फूट, मधे कुठेही न रेंगाळता गटारात. बाई हसल्या नाहीत. नळी बंद करून म्हणाल्या, “गाडी आणा.”

दहा फुटी आरसा गाडीवर उभा राहिला. त्यात अख्खं आभाळ आणि शेजारच्या छपरावरची मांजर. फाटकाशी हाताची घडी घालून एक माणूस उभा होता, तोही आरशात दिसला. दादा.

धाकट्याने स्वतः दांडा धरला. पलीकडून बाईंनी टाके घातलेला हात आरशाच्या कडेला लावला. मी शेडच्या कट्ट्यावर होते. माझ्याकडे आता कुणी बघत नव्हतं आणि माझ्याने दुसरीकडे बघवत नव्हतं. पहिले दहा फूट. चाकांचा एकसारखा घरघर आवाज. जिथे जुने चर होते तिथे गाडी आली. धाकट्याच्या मानेवरची शीर ताठली. आरशातलं आभाळ थोडंही हललं नाही. वीस. तीस. तो सातव्या दिवसाचा खळगा. बाईंनी श्वास रोखला, मी रोखला, छपरावरच्या मांजरीनेही रोखला असावा. गाडी त्यावरून पाण्यावरून होडी जावी तशी गेली.

आरसा टेम्पोत चढला. गड्यांनी शिट्ट्या मारल्या. बाई फक्त म्हणाल्या, “शेडच्या मागचंही उकरायला घे.”

दादा आत आला. त्याने टाचेने एक ब्लॉक दाबला. मग दुसरा. मग चरांच्या जागी जाऊन तिसरा. एकही हलला नाही. धाकट्याने मला त्याच्यापुढे धरलं.

“बाबांची आहे. तुझ्याकडे राहू दे.”

“नको,” दादा म्हणाला. “ती आता तुझं ऐकते.” आणि गेला. एक शब्द कौतुकाचा नाही. एक शब्द चुकीच्या कबुलीचाही नाही. बाईंच्या हाताकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

आता मी धाकट्याच्या पिशवीत असते. आमचं चाळिसावं अंगण चालू आहे. तुमच्या दारात कुणी ब्लॉक बसवायला आलं आणि माझ्यासारखीचा बुडबुडा दाखवून तुम्हाला खूश करायला लागलं, तर एवढंच करा. त्याला म्हणा, आधी खालचं दाखव. किती खणलंस, काय घातलंस, किती थरांत ठोकलंस. तो वयाने मोठा असेल तर दोनदा विचारा.

धाकटा त्या संध्याकाळी घरी गेला तेव्हा त्याचे कपडे दाराबाहेर ठेवलेले होते. आई आत होती. ती बाहेर आली नाही; मोठ्याचा मान राहायला हवा ना. त्याला आता तीन वर्षं झाली, आणि ती अजून त्याच्याशी बोललेली नाही.