खंडेनवमीला न उडालेला बार

मित्रांनो, मला बघून मागे सरू नका. मी एक जुनी ठासणीची बंदूक आहे, तळवड्याच्या धर्माजींच्या घरची. माझ्या पोटात आत्ता दारू नाही आणि छर्रेही नाहीत. माझा घोडा कुरकुरतो, दस्ता एका बाजूने चिरला आहे. तरीही ठासून सांगते, पंचक्रोशीत माझ्याइतकी मानाची बंदूक दुसरी नाही. स्वतःची टिमकी वाजवते म्हणा हवं तर. पण ऐकून तर घ्या.

एका कसबी लोहाराने माझी नळी घडवली आणि तिला शिसवीचा दस्ता बसवला. धर्माजींच्या वडिलांनी मला सरकारी परवान्यावर घरी आणलं. परवान्यावर लिहिलं होतं, पीक राखण्यासाठी. तेवढ्यासाठीच. दरसाल मला घोंगडीत गुंडाळून तालुक्याच्या कचेरीत नेत. तिथे साहेब माझ्या अंगावरचा नंबर कागदाशी ताडून बघायचे, मगच शिक्का मारायचे. मला त्याचा भारी राग यायचा. मी काय चोर आहे का, दरसाल हजेरी द्यायला? आता तो राग गेला आहे.

मला भरणं हे घाईचं काम नव्हे. आधी नळीत दारू ओतायची, वर चिंधी कोंबायची, लोखंडी गजाने ठासायची. मग छर्रे, पुन्हा चिंधी, पुन्हा गज. शेवटी घोड्याखाली तांब्याची केप बसवायची, तुमच्या दिवाळीतल्या टिकलीसारखी. एवढं झालं की एक बार निघतो, फक्त एक. रानडुकरांचा कळप भुईमुगात शिरला की धर्माजी मला आभाळाकडे धरून चाप ओढायचे आणि डुकरं थेट इंद्रायणीपल्याड पळायची. सकाळी बायाबापड्या म्हणायच्या, धर्माजीच्या बंदुकीने गाव राखलं. मी आतून फुलून जायची.

मनात मात्र एक खोट होती, ती लपवत नाही. वाटायचं, डुकरं काय हाकलायची सारखी? एकदा तरी माझ्या हातून काहीतरी मोठं घडावं. लोकांनी माझं नाव काढावं.

ते साल एकोणीसशे पंचावन्न. पिंपरीला मोठ्या कंपनीचं बांधकाम चाललं होतं आणि लांबलांबच्या जिल्ह्यांतून माणसं कामाला येत होती. माळावर पत्र्याची छपरं उभी राहिली होती. गावात नव्या चेहऱ्यांची कुजबुज होतीच. त्यातच भादव्यात धर्माजींच्या लेकीवर संकट आलं.

लेक म्हणजे तानाबाई, चाकणजवळच्या वस्तीवर दिलेली. भर दुपारी ती घरी एकटीच कांदा निवडत होती. तोंडाला फडकं बांधलेला एक माणूस आत शिरला. "माळ काढ" एवढंच म्हणाला, गळ्यातली बोरमाळ ओढून तोडली आणि जाताना तिच्या कपाळावर काठी घातली. जीव वाचला, पण टाके पडले. धर्माजींनी तिला माहेरी आणलं. ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकेना. भांडं पडलं तरी दचकून भिंतीला चिकटायची. लेकीला तसं बघून धर्माजींचं काळीज तुटायचं. तिला घरी आणली त्याच दिवशी त्यांनी मला भरलं होतं. डुकरांसाठी नव्हे, हे मला त्यांनी दात खाऊन गज ठासला त्यावरूनच कळलं. आणि खरं सांगू? मला आनंद झाला.

मारुतीच्या देवळात गाव जमलं. धर्माजी मला खांद्यावर टाकूनच गेले. बबनराव म्हणून एक तालमीतला गडी होता, बोलायला फाकडा. त्याने गावापुढे रोखठोक मांडलं की एका बंदुकीने काही होत नाही. वीस घरांनी परवान्याचे अर्ज करावेत, परवाना मिळायला उशीर लागला तर बिनपरवान्याच्या आणाव्यात. तानाबाईच्या हाताशी बंदूक असती तर तिला कुणी हात लावला असता का, असं त्याने विचारलं आणि देऊळ टाळ्यांनी दणाणलं. बोलणं खोटं नव्हतं. भ्यालेल्या माणसाला आधार हवाच असतो.

उद्धवराव एकटे उठले. त्यांची उमर पलटणीत गेली होती. ते म्हणाले की पलटणीत कवायत शिकलेल्या जवानाला सुद्धा बंदूक उशाला घेऊन झोपू देत नाहीत. काम संपलं की कुलपात. आपल्या गावात बांधावरून रोज दोन भांडणं होतात, आज त्यात डोकी फुटतात, उद्या माणसं मरतील. आणि तानाबाईचं म्हणाल तर चोर आला तेव्हा ती कांदा निवडत होती, बंदूक भरत बसायला तिला कोण वेळ देणार होतं? लोकांनी त्यांना म्हातारा भ्याला म्हणून गप्प केलं. मीही मनात हसले. वीस अर्ज लिहायचं ठरलं आणि बबनरावांनी घरोघरची नावं घेतली.

घरी आल्यावर धर्माजींची बायको गवराबाई एवढंच म्हणाली की चोर आपल्या घरात एकदाच शिरला, राग मात्र रोज मुक्कामाला आहे. धर्माजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी आमच्या घरात सगळी हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडतात. विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ आणि मधोमध मी. हळदकुंकू, झेंडूची माळ, नैवेद्य. आणि घरची रीत अशी की नवमीला मांडलेलं हत्यार दसऱ्याला सीमोल्लंघनाची वेळ होईपर्यंत जागचं हलवायचं नाही. विळा लागला तरी शेजाऱ्याकडे मागायचा. गवराबाईने पूजेआधी माझी केप काढायला लावली, पण पोटातली दारू आणि छर्रे तसेच होते.

दुपारी नैवेद्य झाला आणि बाहेर कालवा उठला. झालं होतं असं. बबनरावांच्या दारात खाकी अर्धी चड्डी घातलेला, खांद्यावर पोतं टाकलेला एक परका माणूस आला. धुळीमुळे त्याने तोंडाला पंचा गुंडाळला होता. घरात बबनरावांची आई अंबुबाई एकटीच होती आणि तिला कमी ऐकू यायचं. त्याने काही विचारलं. तिच्या कानात एकच शब्द शिरला, माळ. म्हातारीने अशी बोंब ठोकली की अर्धं गाव काठ्या घेऊन धावलं. पोतं हिसकलं, पंचा ओढला, दोनचार तडाखे बसले. मग त्याला फरफटत आमच्याच अंगणात आणलं, कारण बंदूक आमच्या घरात होती.

दार सताड उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. बबनराव ओरडला की चोर घावला, आता पोलिसाची वाट कशाला बघायची. धर्माजींचे डोळे लाल झाले होते. ते केपांची डबी मुठीत घेऊन आत आले आणि माझ्याकडे वाकले. मित्रांनो, त्या घटकेला मी तयार होते. हेच ते मोठं काम, असं मला वाटलं.

पाटासमोर गवराबाई बसली होती. ती उठली नाही.

"बाजूला हो," धर्माजी म्हणाले.

"हत्यार पूजंला बसलंय," गवराबाई म्हणाली. "तरी उचलायचं तर उचला. पर आधी देवीम्होरं त्याचं नाव सांगा. कुणासाठी उचलता ते तिला कळू द्या."

"चोराला कसलं नाव?"

"आईनं ठेवलं असंलच की. इचारून या."

धर्माजी तसेच वाकून राहिले. देवीचं नाव मधे आलं होतं, तिला ओलांडून हात पुढे जाईना. बाईने त्यांना अडवलं नव्हतं, नुसतं नाव विचारायला सांगितलं होतं, आणि ते त्यांना सांगता येत नव्हतं. शेवटी ते तणतणत बाहेर गेले आणि त्या माणसापुढे उभे राहिले.

"नाव काय तुजं?"

इतका वेळ त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. नुसत्या शिव्या चालल्या होत्या.

"सयाजी, मालक," तो म्हणाला. त्याचा ओठ फुटला होता. "म्या परांड्याकडचा. पिंपरीला बांधकामावर हाय."

नाव ऐकलं आणि पुढच्या दोघातिघांच्या उगारलेल्या काठ्या आपोआप खाली आल्या. त्याच वेळी एक गोष्ट घडली, तिच्यासाठी गवराबाईने महिनाभर नवस केले होते. तानाबाई उंबऱ्याबाहेर आली. कपाळावरचा व्रण तसाच उघडा ठेवून ती अंगणात उतरली. माणसं बाजूला झाली. ती सयाजीपुढे उभी राहिली.

"अंबुआत्याला तुमी काय इचारलं, तेच पुन्यांदा सांगा," ती म्हणाली.

"माळवं हाय का इकायला, म्हनलं, ताई. वांगी, दोडकं, काय असंल ते. आज सण हाय. छपरात बारा माणसं हायती जेवायला."

तानाबाईने डोळे मिटले. मग बापाकडे वळून म्हणाली, "आबा, ह्यो त्यो न्हाई. त्याचा आवाज मी जल्मात इसरायची न्हाई."

"पण माळ म्हणाला की तो," बबनराव तावातावाने म्हणाला. तेवढ्यात नदीवरून धुणं घेऊन शालनबाई आली. ही बबनरावाचीच बायको. गर्दीत शिरून तिने काय चाललंय ते विचारलं आणि कळल्यावर डोक्यावरची ओली पाटी खालीच टाकली.

"अवो, माळवं म्हंजी तरकारी," ती म्हणाली. "माज्या म्हायेरी सगळी असंच म्हंत्यात. मी लगीन होऊन आले तवा तुमी सगळी याच शब्दावरनं मला हसला. मी बोलायचं सोडलं, आन् तुमी इसरून गेला."

उरलेल्या काठ्याही खाली आल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तो गळफास आमच्या दारात तयार होता आणि त्याची दोरी मी होते. पाटावर बसल्या जागी मला लाज वाटली. आजवर मला कधी लाज वाटली नव्हती.

धर्माजींच्या मुठीतली डबी खाली पडली. त्यांनी सयाजीला हाताला धरून ओट्यावर बसवलं, स्वतः पाणी आणून दिलं आणि लहान मुलासारखे रडले. गवराबाईने त्याच्या फुटलेल्या ओठाला हळद लावली. तानाबाई कुणी न सांगता परसात गेली, वांगी, दोडके, गवार तोडली आणि सयाजीचं पोतं काठोकाठ भरलं. महिन्याभराने ती उन्हात उभी होती.

दुसऱ्या दिवशी दसरा. सीमोल्लंघनाची वेळ झाली तेव्हा गवराबाईनेच मला उचलून धर्माजींच्या हाती दिलं. पोटातला बार रिकामा करायचा होता. नदीच्या दरडीपाशी सारं गाव जमलं, छपरातले बाराही जण सयाजीबरोबर आले. धर्माजींनी नळी उंच दरडीच्या मातीवर रोखली. चाप ओढण्याआधी त्यांनी लेकीला घरी जायला सांगितलं. ती हलली नाही. धाडकन बार निघाला, मातीचा ढीग कोसळला, पाखरं उडाली. तानाबाईने कानावर हात ठेवले नव्हते. ती दचकलीही नाही, हसली. काय सांगू तुम्हाला, माझ्या साऱ्या बारांत मला तोच आवडतो.

सोनं वाटून झाल्यावर बबनराव देवळात उभा राहिला. तो काही पळपुटा नव्हता, चूक कबूल करायला छाती लागते आणि ती त्याच्याकडे होती.

"काल माझ्या घरात बंदूक असती," तो म्हणाला, "तर आईची बोंब ऐकून मी दारातच त्याला बार घातला असता. नाव इचारायला कोण थांबलं असतं?"

लिहून ठेवलेले वीसही अर्ज त्याने घरी जाऊन आपल्या हाताने चुलीत घातले. गावाने पाळीपाळीने राखणीला निघायचं ठरवलं, काठी आणि शिट्टी घेऊन, आणि कुणी सापडलाच तर पाटलाकडे न्यायचं, हात उचलायचा नाही. पहिली पाळी उद्धवरावांनी आणि बबनरावांनी मिळून घेतली. कार्तिकात खरा चोर पकडला गेला. बोरमाळ मोडायला नेली तेव्हा सोनाराने पोलिसांना कळवलं. तो कुठल्या छपरातला मजूर नव्हता. चाकणकडचाच, कोट घालून हिंडणारा, ओळखीचा माणूस होता. तानाबाई कोर्टात उभी राहिली आणि त्याच्या तोंडावर साक्ष दिली. त्याला सजा झाली तेव्हा तळवड्यात पेढे वाटले.

त्यानंतर मी रिकामीच असते. दारू आणि केपा गवराबाईच्या पेटीत, पेटीची किल्ली तिच्या कमरेला. डुकरं आली की ती किल्ली काढून देते. कचेरीत साहेब नंबर ताडून बघतात तेव्हा आता मी आनंदाने अंग पुढे करते. बघा म्हणते, नीट बघा.

मित्रांनो, तुमच्या घरात हत्यार असेल तर ते भरून ठेवू नका. त्याला कुलूप असू द्या आणि परवाना असू द्या. आणि राग आलेल्या माणसाच्या हातात ते कधी देऊ नका, मग तो माणूस तुमचा बाप असला तरी.

कुणी मला विचारतं, तू आजवर किती माणसं मारलीस? मी नळी ताठ करून सांगते, एकही नाही. माझ्यापुढे आलेला एकच माणूस मला ठाऊक आहे. त्याचं नाव सयाजी, आणि आज सकाळीच तो भाकरी बांधून आमच्या दारावरून कामावर गेला.