धूर उचलणारे बाबा आणि वीस ओल्या चादरी

सकाळी दहा. नदीकाठी आठ अंश, टेकडीवर तेरा.

टेकडीच्या अर्ध्या वाटेवर चारशे माणसं खोकत उभी होती. चारी बाजूंच्या डोंगरांमध्ये वसलेलं त्यांचं शहर खाली करड्या धुरात बुडालं होतं. शिळेवर धूरबाबा डोळे मिटून बसले होते. म्हणजे उजवा मिटून. डावा किलकिला असे. भक्त त्याला दिव्यदृष्टी म्हणत. शिळेपाशी खालच्यापेक्षा ऊब लागे, ती बाबांच्या तपाची.

"तुमचा धूर मला द्या!" बाबा गरजले. "द्याल तेवढा नेईन! घरटी टोपलीभर ओला पाला जाळला का?"

"जाळला, बाबा!" लोक म्हणाले आणि पुन्हा खोकले.

पावणेअकराच्या सुमारास बाबांनी हात वर केला. तो अर्धा तास वरच होता. दोन शिष्य कोपराला आळीपाळीने आधार देत होते. हात वर गेल्यावर पाचेक मिनिटांत धूर हलला, मग विरळ झाला, वर गेला. पूल दिसला, छपरं दिसली. काही जणांना रडू फुटलं.

पावसाळ्यात बाबा मौनात असत आणि उन्हाळ्यात वारा सुटला की प्रवासाला जात. थंडी पडली की प्रकट होत. हे लोकांच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. लोक त्याला बाबांचा नेमकेपणा म्हणत.

तीच दुपार. धोबिणीचं अंगण.

गर्दीत धोबीण नव्हती. तिला दवाखान्याच्या वीस चादरी वाळवायच्या होत्या. तिचा इस्त्रीवाला नवरा मात्र दम्याची छाती घेऊन रोज टेकडी चढे. पंधरा दिवसांपूर्वी बाबांनी त्याला सांगितलं होतं, "पंप म्हणजे अविश्वास." त्या दिवसापासून दम्याचा पंप धोबिणीच्या पिशवीत होता आणि नवरा रात्री बसून झोपत होता.

"आज दहा पन्नासला धूर उचलला बाबांनी," तो धापा टाकत म्हणाला.

"मी पावणेअकरालाच चादरी टाकल्या."

तिची नणंद टेकडीवरच्या शाळेत भूगोल शिकवायची. तिने चहाचा कप खाली ठेवला. "काय म्हणालीस?"

"अहो वन्सं, वीटभट्टीच्या धुरांड्यातला धूर आडवा पसरत असला, तर चादर टाकायची नाही. काजळी बसते, दवाखाना परत पाठवतो. धूर उभा झाला की टाकायची. बावीस वर्षं हेच करतेय. बाबा आले गेल्या साली."

नणंद उठली आणि भावजयीच्या गळ्यातच पडली. मग पातेल्यावर झाकण ठेवून भावाला समजावू लागली. एरवी वर जावं तशी हवा गार होते. इथे थंडीत उलटं होतं. रात्री डोंगरउतारांवरची गार, जड हवा घरंगळत खाली येऊन साचते, आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. चुलींचा, भट्टीचा, पाल्याचा धूर त्या झाकणाखाली कोंडतो. ऊन चढून जमीन तापली, की खालची हवा हलकी होऊन वर उठते आणि झाकण मोडतं.

"मी दोन तापमापक लावलेत, दादा. सकाळी टेकडीवर पाच अंश जास्त."

"तेच तर बाबांचं तप," दादा म्हणाला.

दुसरा दिवस, सकाळी अकरा. नदीकाठी सात, टेकडीवर बारा.

उजाडताना ढग आले होते. नवरा ऐकेना म्हणून धोबीण आणि नणंद त्याच्यासोबत टेकडी चढल्या. शिळेपाशी पोचेतो त्याचे ओठ निळसर पडले होते. तो मटकन खाली बसला.

"बाबा, माणूस जातोय. उचला धूर!" गर्दीतला एक जण ओरडला.

"वेळ यायची आहे."

"कधी येणार?"

"भक्तीत खोट आहे! आणखी पाला जाळा!"

धोबिणीने बाबांच्या किलकिल्या डोळ्याची नजर पकडली. ती नजर धुरात बुडालेल्या शहरावरून सरळ एका जागी जात होती. ती जागा तिला तोंडपाठ होती.

"अगंबाई! तुम्हीपण भट्टीच्या धुरांड्याकडेच बघताय की! तुमच्यापण चादरी आहेत का?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

तिने पिशवीतून पंप काढला. "घ्या. आता अविश्वासच घ्या."

नवऱ्याने बाबांकडे पाहिलं. बाबा धुरांड्याकडे पाहत होते. त्याने पंप तोंडाला लावला. एक फवारा, थोडं थांबून दुसरा. हळूहळू छातीतला शिट्टीसारखा आवाज कमी झाला आणि ओठांवर रंग आला.

"ऊन नाही, म्हणून आज उशीर," धोबीण गर्दीकडे वळून म्हणाली. "मी सांगेन तेव्हा बघा."

साडेबाराला ढग फाटले. पाऊण तास गेला. धुरांड्यावरची आडवी रेघ डगमगली आणि उभी झाली.

"आता," धोबीण म्हणाली.

बाबांनी घाईघाईने हात वर केला. चारशे माणसांनी तो उशिरा वर गेलेला पाहिला.

आठवड्यानंतर, सकाळी नऊ. नदीकाठी आठ, टेकडीवर तेरा.

शिळा रिकामी आहे. झाकण अजून रोज बसतं. डोंगर आहेत आणि थंडी आहे तोवर बसणारच. पण नणंदेने घरोघर जाऊन सांगितलं, तेवढं लोकांनी केलं. थंडीत सकाळी पाला जाळायचा नाही. दम्याचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायचं नाही. कोणी चमत्कार दाखवला, तर तो कुठे बघतोय ते आधी बघायचं. आता नऊ वाजताच पूल अंधूक दिसतो.

पावणेअकराला अंगणातून इस्त्रीवाल्याची हाक आली, "अगं, धूर उभा झाला!"

आणि त्याने हात वर केला. दोरीवरचा चिमटा काढायला.