सज्ज्याआड गेलेली अक्षरे

सुज्ञ वाचकहो, एका शिंप्याने मोठ्या मायेने घडविलेली शेकडो वाक्ये एका दुपारी कशी संकटात सापडली, त्यांचा उद्धार कोणी व कोणत्या युक्तीने केला, आणि त्या उद्धारातूनच केवढा गहजब उद्भवला, याचे यथातथ्य निवेदन प्रस्तुत कथेत होणार आहे. कथेत युद्ध आहे, परंतु ते नाटकातले आहे. कथेत अश्रूही आहेत, पण ते हसताना आलेले आहेत. सबब वाचकांनी निश्चिंत मनाने पुढे यावे.

कथेचा नायक व्यवसायाने शिंपी. बाजारपेठेच्या मागील गल्लीत, एका जिन्याखालच्या चिंचोळ्या खोलीत त्याचे दुकान होते. तयार कपड्यांविषयी त्याच्या मनात अपार तिरस्कार वसत असे. "एकाच मापाचा सदरा शंभर जणांना? माणसं आहेत की उशा?" असे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारी. त्याची पत्नी दिवसा चष्म्यांच्या दुकानात काम करी आणि सायंकाळी हौशी नाटकमंडळीत नायिकेची भूमिका वठवी. मंडळींचे सर्व पोशाख अर्थातच शिंपी शिवीत असे.

या सुखी संसारात एकच सल होता, आणि तो म्हणजे शिंप्याचे सासरे. हे गृहस्थ आयुष्यभर कुलपे दुरुस्त करीत आले होते. कित्येक वर्षांपासून त्यांना ऐकू येत नव्हते. कानाचे यंत्र त्यांनी खणात टाकून दिले होते, कारण "त्यात सगळं जग एकदम ओरडतं" असे त्यांचे म्हणणे. तरीही लेकीच्या प्रत्येक नाटकाला ते इस्त्रीचा सदरा घालून येत, तिसऱ्या रांगेत ताठ बसत, आणि शेवटी लेकीला म्हणत, "छान. कपडे छान होते."

शिंप्याला ही स्तुती गोड लागावयास हवी होती. परंतु घरी आल्यावर पत्नी मुकुट काढता काढता म्हणे, "बाबांनी आजवर माझं एक वाक्य ऐकलेलं नाही हो. एक सुद्धा." आणि या खेपेस तर सासऱ्यांनी जाहीरच करून टाकले होते की, "हे शेवटचं नाटक. दोन तास मुक्यासारखं बसायला माझी पाठ आता राजी नाही."

तेव्हा शिंप्याच्या मस्तकात एक कल्पना चमकली. रंगमंचाच्या मागे जो काळा पडदा असतो, त्यावर प्रोजेक्टरच्या साहाय्याने नाटकातले प्रत्येक वाक्य अक्षरांत उमटवावे. नट बोलेल ते सासरे वाचतील! त्याने भाच्याचा जुना लॅपटॉप मागून आणला आणि एकेक वाक्य एकेका स्लाइडवर बसविण्यास आरंभ केला. आता इथे शिंप्याचा स्वभाव आड आला. लहान वाक्याला त्याने लहान चौकट आखली, लांब वाक्याला रुंद आखली, रागाच्या वाक्याला अंमळ घट्ट तर प्रेमाच्या वाक्याला अंमळ सैल. प्रत्येक चौकट त्याने माउसने स्वतंत्र ओढली. एकाही वाक्याला त्याने दुसऱ्या वाक्याचे माप लावले नाही. सर्व वाक्ये त्याने पडद्याच्या तळाशी नीट बसविली, जसा काठ लुगड्याच्या तळाशी बसतो.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी तो लॅपटॉप घेऊन नाट्यगृहात आला, यंत्र लावले, आणि वर पाहतो तो काय! सुताराने पडद्यासमोर राजवाड्याचा भलाथोरला सज्जा उभा केलेला. अक्षरे सर्वच्या सर्व सज्ज्याआड लुप्त झाली होती.

"काका, हा सज्जा थोडा खाली घ्या ना," शिंपी विनवू लागला.

सुतार तोंडातला खिळा काढून म्हणाला, "खाली घेतला तर राणी सैनिकांच्या गुडघ्याशी उभी राहील. मग ती राणी का मोलकरीण?"

"मग प्रोजेक्टर वर उचलतो."

"तो तुळईला जखडलाय. व्यवस्थापकानं हात लावू नका म्हणून सांगितलंय. मागं एकानं लावला होता. त्याला अजून आत घेत नाहीत."

शिवाय तिसऱ्या रांगेत जाऊन पाहिले तेव्हा दुसरी आपत्ती ध्यानी आली. पडद्याच्या वरच्या भागात चाचणीसाठी आणलेले एक वाक्य दिसले खरे, पण मुंग्यांच्या रांगेसारखे. शिंप्याच्या तरुण डोळ्यांनाच ते लागेना, तर सासऱ्यांची काय कथा! म्हणजे प्रत्येक वाक्य वर न्यायचे आणि मोठेही करायचे.

नाटकाचे दिग्दर्शक, ज्यांना सर्वजण अण्णा म्हणत, त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "कशाला जिवाला त्रास करून घेतोस? अक्षरं नसली तरी नाटक होतंय."

"नाटक होईल हो अण्णा. पण मग ते पुन्हा कपडेच छान होते म्हणतील."

असे बोलून तो विंगेतल्या स्टुलावर बसला आणि एकेक चौकट धरून वर ओढू लागला. ओढावी, अक्षर वाढवावे, पुढच्या स्लाइडवर जावे. पुन्हा ओढावी, पुन्हा वाढवावे. दूताचे स्वागत संपता संपता त्याचा अंगठा बधिर झाला, आणि अद्याप सेनापतीने कटही रचला नव्हता.

इतक्यात त्याची मेव्हणी आली. ही एका मालवाहतूक कचेरीत नोकरीस होती आणि बहिणीचे विसरलेले बूट द्यायला अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती.

"भावोजी, काय चाललंय? काज करताय की बटणं लावताय?"

"चेष्टा नको, बाईसाहेब. माझं मरण चाललंय."

तिने सारी हकीगत ऐकली आणि फक्कन हसली. "एकेक करताय? अहो, एका जागी बदललं की सगळीकडे बदलतं. मास्टर म्हणतात त्याला."

"मास्टर मीच आहे. दुकानावर पाटी आहे तशी."

"सरका बाजूला, पाटीवाले!" तिने स्टूल बळकावले. प्रत्येक स्लाइडच्या मागे एक मूळ खाका दडलेला असतो, हे तिने समजावून सांगितले. तुमच्या कागदी कटिंगसारखाच. कटिंग बदलली की त्यावरून बेतलेले सगळे कपडे बदलतात. शिंप्याचे मुख उजळले. तिने तो खाका उघडला, त्यातली चौकट वर नेली, अक्षर मोठे केले आणि परत स्लाइडवर आली.

काही हलले नव्हते. एक काना नाही की मात्रा नाही.

तिने पुन्हा केले. पुन्हा शांतता. मग तिने एका चौकटीवर बोट टेकवून शिंप्याकडे संशयाने पाहिले. "भावोजी, या चौकटी तुम्ही आयत्या वापरल्यात की हाताने काढल्यात?"

"आयत्या? मी? शी!"

"सगळ्या हाताने?"

"मापाप्रमाणे," शिंपी अभिमानाने उत्तरला.

मेव्हणीने कपाळाला हात लावला. "धन्य आहे तुमची! अहो, खाक्यावरून निघालेलीच चौकट खाक्याचं ऐकते. तुमच्या या सगळ्या बेवारशी. कुणाचं म्हणून ऐकत नाहीत. ताईनं तुमच्याशी लग्न केलं तेव्हाच मी म्हणाले होते, माणूस चांगला आहे पण हट्टी आहे."

"मग आता?"

"आता हुकूम सोडावा लागेल. मॅक्रो. आमच्या साहेबांनी कंपनीचा रंग बदलला तेव्हा मी शिकले. लॅपटॉपलाच सांगायचं, पहिल्या स्लाइडपासून शेवटपर्यंत चालत जा, जी चौकट भेटेल तिला वर ने, पडद्याएवढी रुंद कर, आतलं जे काय असेल ते मोठं आणि पांढरं कर."

"लहान-मोठं वाक्य न बघता? सगळ्यांना एकच माप?"

"एकच माप."

शिंप्याने क्षणभर डोळे मिटले. आयुष्यभर ज्याची हेटाळणी केली, तेच आज सासऱ्यांसाठी पत्करावे लागत होते. "घाल," तो म्हणाला.

तिने हुकूम टंकला. पहिल्या प्रहारात अक्षरे इतकी अवाढव्य झाली की 'महाराणींचा विजय असो' यातला विजय पडद्याबाहेर गेला. तिने आकडा कमी केला आणि पुन्हा सोडला. आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच शेकडो वाक्ये शिस्तीत वर सरकून मोठी, पांढरी शुभ्र झाली. शिंप्याचा जबडा खाली आला. "अरे, म्हणजे रेडीमेडवाल्यांचं बरं आहे की!" एवढेच तो पुटपुटला.

दारे उघडण्याची घंटा झाली होती. त्यांनी घाईघाईने पहिला प्रवेश चालवून पाहिला. सर्व काही यथास्थित. मेव्हणी त्याच्याशेजारी स्टुलावर बसली, आणि नाटक सुरू झाले.

पहिल्या प्रवेशात दूत आणि प्रधान बोलत होते. तिसऱ्या रांगेत सासऱ्यांनी वर पाहिले. त्यांचे ओठ हलू लागले. ते वाचत होते! शिंप्याने मेव्हणीचा हात इतका दाबला की ती म्हणाली, "भावोजी, या हाताने मला टायपिंग करायचं असतं."

दुसऱ्या प्रवेशात राणी, म्हणजे शिंप्याची पत्नी, सज्ज्यावर अवतरली. तिने धीरगंभीर वाणीने सेनापतीला आज्ञा केली. पडद्यावर अक्षरे उमटली:

सेनापती, तलवार खाली ठेव.
इथे थांब. ती दम घेते.

प्रेक्षक एकमेकांकडे पाहू लागले. शिंप्याच्या अंगावर काटा उभा राहिला. वाचकहो, इथे खुलासा करणे प्राप्त आहे. शिंपी कापडावर खडूने खुणा करतो, त्या इस्त्रीखाली नाहीशा होतात. त्याच सवयीने याने पत्नीच्या वाक्यांखाली, त्याच चौकटीत, बारीक काळपट अक्षरांत स्वतःपुरत्या खुणा लिहिल्या होत्या. लॅपटॉपवर नाक लावले तरच त्या दिसत. काळ्या पडद्यावर त्या नाहीशा होत. पहिल्या प्रवेशात पत्नीच नव्हती म्हणून तिथे त्या नव्हत्या. आणि हुकूम तर असा होता की चौकटीतले जे काय असेल ते मोठे आणि पांढरे कर!

पुढचे वाक्य आले:

या राज्यात पुन्हा रक्तपात होणार नाही.
हा शब्द ती गिळते. घाबरू नको, सापडेल तिला.

राणीने नेमका तो शब्द गिळला, आणि तो तिला सापडलाही. प्रेक्षागृहात खसखस पिकली.

"भावोजी, हे काय लिहिलंय तुम्ही?" मेव्हणी कुजबुजली. "बंद करू? एक बटण दाबलं की पडदा काळा."

शिंप्याच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. पुढे काय काय लिहिले आहे ते त्याला आता एकेक आठवत होते, आणि प्रत्येक आठवणीसरशी तो स्टुलावर आणखी लहान होत होता. बटण दाबावे, अब्रू वाचवावी, असे त्याला प्रकर्षाने वाटले. परंतु त्याने विंगेतून बाहेर पाहिले. सासरे खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून बसले होते. त्यांची मान एकदा लेकीकडे, एकदा अक्षरांकडे फिरत होती. पडदा काळा झाला असता तर त्यांच्यापुरते ते नाटकही तिथेच विझले असते.

"चालू दे," तो म्हणाला.

"अहो, लोक हसतायत."

"हसू देत. ते वाचतायत."

मग त्याने स्वतःच्या हाताने एकेक स्लाइड पुढे सारली. राणीचे स्वगत आले, ज्यात ती राज्याचा भार वाहणाऱ्या एकाकी जीवनाविषयी बोलते. अक्षरे उमटली:

या सज्ज्यावर मी एकटीच उभी आहे.
पुढची ओळ उशिरा टाकलीस तरी चालेल. आधी बघून घे तिच्याकडे.

सभागृहात हास्याचा स्फोट झाला. शेवटच्या रांगेतून कोणीतरी "बघा, बघा, मास्टर!" असे ओरडले. राणीच्या पाठीमागे काय चालले आहे याचा बिचारीला पत्ता नव्हता. करुण प्रसंगाला हशा कसा, म्हणून तिने सावकाश मान वळवून पडद्याकडे पाहिले. वाचले. मुकुटाखालचे तिचे कान लाल झाले. मग ती पुन्हा प्रेक्षकांकडे वळली आणि एवढा दीर्घ दम घेऊन पुढचे वाक्य बोलली, की अण्णा पुढे आठवडाभर त्या दमाचे कौतुक करीत राहिले. आणि तिसऱ्या रांगेत सासरे डोळे पुशीत हसत होते. सर्वांबरोबर हसत होते.

प्रयोग संपल्यावर पत्नी पोशाखाचा घोळ सावरीत विंगेत आली. "अहो, राजवाड्यात उभी होते मी! तुम्ही त्याचं स्वयंपाकघर करून टाकलंत!"

"चूक झाली गं. हिच्या हुकमानं सगळंच मोठं झालं."

"मी चौकटीतलं मोठं केलं, ताई," मेव्हणी म्हणाली, "चौकटीत घातलं कुणी ते तुझ्या नवऱ्याला विचार."

पत्नी काही बोलणार तोच मागून सासऱ्यांचा खणखणीत आवाज आला. ज्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यांचा आवाज सुतारापर्यंत पोचतो.

"त्या सेनापतीला तू सोडलंस कशाला?"

सर्वजण वळले. कपड्यांविषयी अवाक्षर नव्हते.

"बाबा, तो शरण आला होता ना," लेक म्हणाली.

"काय?"

शिंप्याने लॅपटॉप त्यांच्यापुढे धरला, नवी स्लाइड उघडली, आणि पत्नी सांगेल ते मोठ्या पांढऱ्या अक्षरांत लिहिले: 'तो शरण आला होता, बाबा.'

सासऱ्यांनी वाचले. "शरण? दुसऱ्या अंकात त्यानं प्रधानाला फोडला! शरण येणाऱ्याची भाषा असते ती? तू एवढी शहाणी राणी, तुला कळलं नाही?"

"राज्यात शांतता हवी होती," पत्नीने कमरेवर हात ठेवून सांगितले, आणि शिंप्याने तेही लिहिले.

"शांतता! असल्याला सोडलं की तो पुढल्या पावसाळ्याआत परत येतो!"

व्यवस्थापक किल्ल्या वाजवीत दारात उभा राहिला, दिवे मालवू लागला. सुताराने सज्ज्याचे खिळे उपटायला घेतले. परंतु राणी मुकुटासकट वाद घालीत होती, तिचे वडील स्टूल ओढून तिच्यासमोर ठाण मांडून बसले होते, आणि शिंपी दोघांच्या मध्ये भराभर टंकीत होता.

"हे मला पटलेलं नाही," सासरे म्हणाले. "पुढची टाका, जावईबापू."

ही कथा येथे पूर्ण होते. आपण आपला अमूल्य वेळ खर्चून ती अखेरपर्यंत वाचलीत, याबद्दल मी सर्व वाचकांचा अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. लेखनात काही न्यून राहिले असल्यास उदार मनाने सांभाळून घ्यावे.

आपला नम्र,
भानुदास पेंटर