खल धुतलेलं पाणी

मी एक जुना दगडी खल आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलं असेल. औंढा नागनाथला देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर 'समग्र आरोग्य मंदिर' अशी पाटी आहे. तिथे काचेच्या टेबलावर, झेंडूच्या माळेत मी बसलेला असतो. लोक मला हात लावून तो कपाळाला टेकवतात, फोटो काढतात. मला त्यांची कीव येत नाही, किळस येते.

एका पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवलं आणि वैद्य राधाकृष्णबुवांनी मला घरी आणलं. त्यांच्या हाताखाली माझा तळ गुळगुळीत झाला. सुंठ, हिरडा, अडुळसा असलं साधंसुधं घोटायचं. बुवा फार मोठे वैद्य होते असं मी म्हणणार नाही. खोकला, पित्त, पोटदुखी यापुढे त्यांची मजल नव्हती. पण हे त्यांना ठाऊक होतं. कुणाची जखम चिघळलेली दिसली की हात जोडून म्हणायचे, "हे माझ्या आवाक्यातलं न्हाई. दवाखाना गाठा." त्यांची एक रीतही होती. रोग्यासमोर औषध घोटायचं, चूर्ण काढून घ्यायचं, मग खल विसळून ते पाणी स्वतः प्यायचं आणि मगच पुडी हातात द्यायची. "तुमच्या पोटात जाईल ते आधी माझ्या पोटात," असं म्हणायचे.

बुवा गेले आणि मी त्यांच्या पुतण्याच्या, विश्वजीतच्या हाती पडलो. या गृहस्थाला अडुळशाचं झुडूप दाखवलं तर ते कशाचं हे सांगता येणार नाही. कुठल्याशा शिबिराला जाऊन आला आणि पांढरा सदरा घालून शरीर, मन, आत्मा असलं काहीबाही बोलू लागला. "डॉक्टर रोग बघतो, मी माणूस बघतो," असा त्याचा टेंभा. सकाळी दार लावून मात्र तो पत्र्याच्या डब्यातून पांढऱ्या गोळ्या काढायचा. त्या त्याच डॉक्टरांच्या दुनियेतल्या, सूज आणि दुखणं झटक्यात दाबणाऱ्या, पण रक्तातली साखर चढवणाऱ्या. माझ्यात त्यांची भुकटी करायची आणि हिरड्याच्या चूर्णात मिसळायची. लोकांसमोर वर तुळशीची चार पानं चुरगाळली की झालं पवित्र औषध! स्वतःला शिंक आली की मात्र याची गाडी हिंगोलीच्या मोठ्या डॉक्टरकडे.

शिरड शहापूरच्या जनकाबाई इथेच फसल्या. त्यांना साखरेचा आजार, त्यात गुडघे धरलेले. हिंगोलीतल्या एका डॉक्टरने मान वर न करता त्यांना चिठ्ठी खरडून दिली आणि पुढच्याला हाक मारली. तोही काही कमी नाही. त्याच्या गोळ्या खऱ्या होत्या, पण त्या का घ्यायच्या हे सांगताना जणू त्याची जीभ झिजणार होती. विश्वजीतने बाईंना बसवलं, चहा पाजला, सगळं गाऱ्हाणं ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "मावशी, त्या साखरेच्या गोळ्या बंद करा. विष आहे ते." आठवड्याभरात गुडघे मोकळे झाले. बाई गावभर माझं कौतुक सांगत सुटल्या.

मग बाईंच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली आणि ती काही भरेना. एका सोमवारी त्यांची लेक संध्या त्यांना ऑटोतून घेऊन आली. बाईंचा चेहरा सुजून गोल झाला होता, अंगठ्याला फडकं होतं.

"काय देऊन राहिले तुमी माझ्या मायला?" संध्या कडाडली. "साखर पार वर गेली. डॉक्टर आजच भरती करा म्हणतेत, न्हाईतर पाय कापावा लागंल!"

"शरीरातली घाण बाहेर पडते आहे, ताई," विश्वजीत गोड हसला. "हे चांगलं लक्षण आहे."

जनकाबाई लेकीवरच चिडल्या. "काहून भांडून राहिली? बुवाच्या घरचं औषध हाय हे. बुवा आधी सोता प्यायचे." त्यांनी बाटलीतलं पाणी माझ्यात ओतलं, बत्त्याने घोळवलं आणि कपात घेऊन विश्वजीतपुढे धरलं. "पी बापू. हिची खात्री पटू दे. तू पिला की मी दवाखान्यात जात न्हाई."

मित्रांनो, मी दगड असून माझा जीव टांगणीला लागला. तेवढ्या पाण्याने त्याला काहीही झालं नसतं. त्याने ते पिऊन टाकलं असतं तर बाई तिथेच बसून राहिल्या असत्या आणि त्यांचा पाय गेला असता, कदाचित जीवही. पण कपात काय आहे हे त्याला माहीत होतं.

"आज सोमवार आहे, मावशी. माझा उपास आहे."

"पाण्याला कसला उपास?"

विश्वजीत मोबाईलमध्ये बघू लागला. जनकाबाईंनी कप माझ्याशेजारी ठेवला आणि म्हणाल्या, "संध्या, ऑटो वळवाय सांग."

अंगठा गेला, पण पाय वाचला. नंतर औषधाला आलेल्या त्यांच्या गावच्या बायांकडून मी ते ऐकलं. एका भित्र्याच्या भित्रेपणाने बाईंना वाचवलं, त्याच्या विद्येने नव्हे. कपातलं पाणी आटलं तेव्हा तळाशी पांढरा थर उरला होता. विश्वजीतने तो नखाने खरवडला, मला पुसलं आणि नवी माळ घातली. दुसऱ्या दिवशी पुन्हा रांग!

म्हणून सांगतो मित्रांनो, माझ्या पाया पडू नका. मी दगड आहे, माझ्यात जे टाकाल ते मी घोटतो. माझ्यात पाणी ओता, विसळा आणि पुडी देणाऱ्याच्या हातात तो कप द्या. तो पिईपर्यंत तुम्ही पुडी उघडू नका.