बोटातून चढणारं गणित

"आजपासून या शाळेतलं अज्ञान कायमचं संपलं!" ज्ञानमहर्षी गरजले आणि त्याच क्षणी त्यांच्या पायात वायर अडकून भिंतीवरचा भलामोठा पडदा काळाठिक्कर पडला. प्लग पुन्हा खोचेपर्यंत अज्ञानाला थोडी मुदतवाढ मिळाली.

सभागृहात पालक दाटीवाटीने उभे होते. 'ज्ञानमहर्षी' ही पदवी या गृहस्थांनी स्वतःच स्वतःला दिलेली. पडदा घेऊन ते शाळाशाळांतून फिरत. "हा साधा पडदा नव्हे, मंडळी! बोट टेकवलं की मेंदूतल्या सुप्त लहरी जाग्या होतात. पाढे नकोत, घोकंपट्टी नको!"

आणि खरंच की! पाढा म्हणताना घाम फुटणारी मुलं एकेक करून पुढे आली, उत्तरांच्या चार चौकोनांपैकी एकाला बोट लावू लागली, आणि दरवेळी पडद्यातून टाळ्यांचा कडकडाट होऊन सोनेरी अक्षरं झळकली: महाज्ञानी! एकही उत्तर चुकेना. एका आजोबांनी तर चपला काढून पडद्याला हात जोडले.

"बाई, कच्च्या मुलांचा तुमचा जादा तास उद्यापासून बंद," मुख्याध्यापक गणिताच्या बाईंना म्हणाले. "कच्चं कोणी उरलंच नाही."

तो तास बाईंनी भांडून मिळवला होता. त्यासाठी त्या घरी बसून इंटरनेटवर स्वतः धडे बनवत. 'सात आठे'चं उत्तर चुकलं की त्यांच्या धड्यात सात-सात मण्यांच्या आठ वाट्या येत: मोज बघू.

"तुमच्या धड्यात आमची पोर रोज चुकते," पालकांतले एक घड्याळजी फणकारले. "इथं बघा, एका फटक्यात बरोबर!"

त्यांची पोर हळूच बाईंजवळ सरकली. "बाई, मी तर डोळे मिटून दाबलं होतं."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. हा खेळ त्यांच्या चांगलाच ओळखीचा होता.

"सर, तुम्हीही थोडं ज्ञान घ्या ना," त्या मुख्याध्यापकांना मधाळ आवाजात म्हणाल्या. "सात आठे किती? पंधरावर बोट ठेवा."

"अहो, पण ते चूक आहे!"

"बघू तरी, लहरी काय म्हणतात."

"शंकेखोर बोटाने लहरी बिथरतात!" ज्ञानमहर्षी ओरडले, पण बोट टेकलं होतं. टाळ्या. महाज्ञानी!

मग आजोबा म्हणाले, "पंधराच असतील. पडदा कशाला खोटं बोलेल?"

बाईंनी सरळ पडद्यावर धडा बनवायचं पान उघडलं. "हे बघा. कुठला चौकोन दाबला की कुठलं पान उघडायचं, हे बनवणारा ठरवतो. यांनी चारही चौकोन त्या टाळ्यांच्याच पानाला जोडलेत. पडदा उत्तर तपासतच नाही. साधन चांगलंच आहे हो, मीही तेच वापरते. पण जिथं चुकायची सोय नाही, तिथं शिकायची तरी कशी असेल? टाळ्या कितीही वाजोत, उत्तर आपलं आपण मोजून बघा."

पोरीने बोटं दुमडत, ओठ हलवत मोजायला घेतलं. सगळे तिच्याकडे बघत राहिले. "छप्पन्न," ती म्हणाली. कुठेच टाळ्या वाजल्या नाहीत.

"लहरी आज दमल्यात," असं पुटपुटत ज्ञानमहर्षी वायर शोधू लागले.

घड्याळजींनी घसा खाकरला. "सर, तेवढा तास बंद करू नका."

"छे छे, चालूच राहील," मुख्याध्यापक म्हणाले, आणि बाईंच्या कानाशी झुकले. "बाई, ते महाज्ञानीचं पान एकदा उघडता का? मी शेजारी उभा राहतो. एक फोटो काढा, घरी दाखवायचाय."