सोबत कोण

तिने कागद खिडकीच्या काचेवर दाबून धरला. मागून उजेड आला आणि मनातली पाल पुन्हा चुकचुकली.

सिझेरियनच्या वेळी आपल्याला काय हवं, काय नको, ते लिहून द्यायचा दवाखान्याचा हा छापील कागद. आठ दिवसांपूर्वी तिने तो विचार करकरून भरला होता. बाळ बाहेर येताना पडदा जरा खाली घ्यावा. पुसत बसण्याआधी बाळ माझ्या छातीवर ठेवावं. शेवटचा रकाना होता, ‘आत सोबत कोण’. एकालाच परवानगी होती. मत बदललं तर खोडता यावं म्हणून सिस्टरनी पेन्सिलीने भरायला सांगितलं होतं. तिथे तिने लिहिलं होतं, ‘नवरा’.

आताही तिथे ‘नवरा’च होतं. अक्षर मात्र सासूबाईंचं होतं.

शाळेचे गणवेश शिवण्यात तिची बारा वर्षं गेली होती. उसवून परत घातलेली टीप तिच्या बोटांना न बघता कळे. त्या रकान्यात कागद खरवडून पातळ झाला होता आणि खाली दुसऱ्याच शब्दाचा वळ उठला होता. ‘सासू’.

म्हणजे असं आहे तर. मनात आलं, लिहिलं, मग धीर झाला नाही म्हणून खोडलं. सोमवारी सासूबाई फोनवर हळू आवाजात म्हणत होत्या, “तिला कळू देऊ नका हं, सिस्टर.” शेजारणीला तर त्यांनी हसत हसत सांगूनच टाकलं होतं, “बाळ आधी माझ्या मांडीवर.” नऊ महिने पोटात वाढवायचं मी, आणि पहिला वास दुसरीने घ्यायचा?

सासूबाई पलंगावर बसून जुन्या मऊ चादरीची दुपटी कापत होत्या.

“आई, या कागदाला हात कुणी लावला?”

कात्री थांबली नाही. “मी.”

इतकं सरळ उत्तर येईल असं तिला वाटलं नव्हतं.

“तुम्हाला आत यायचं होतं तर मला विचारायचं. चोरून कशाला?”

“मला? अगं, माझे गुडघे मला देवापुढे धड बसू देत नाहीत, तिथे कुठे उभी राहू?” सासूबाईंनी कापलेल्या दुपट्याची घडी घातली. “मी खोडलं गं. लिहिलं नव्हतं.”

घरात माणसं तीन. हिशेब करायला फार वेळ लागला नाही.

“डास मारला तरी तोंड फिरवतो तुझा नवरा. तुला माहीत नाही होय?”

“रोज साठ माणसं घेऊन बस चालवतो तो.”

“बसला रक्त नसतं.” सासूबाई क्षणभर हसल्या. “मला म्हणाला, आई, तूच जा. मी म्हटलं, तिला तोंडाने सांग. तर पठ्ठ्याने परस्पर कागदावरच बदल केला. मी तुझं होतं तसं करून ठेवलं.”

“आणि तो फोन?”

“त्याच्यासाठी स्टूल मागितलं. मागे कुणीतरी धडधाकट उभं ठेवा म्हटलं. हे तुला सांगून पोराची अब्रू घालवू?”

तिचा संशय गेला नव्हता. एका खुर्चीवरून उठून दुसरीवर जाऊन बसला होता. आठ दिवस तिच्या पोटावर हात ठेवून झोपणाऱ्या माणसाला एक वाक्य बोलता आलं नव्हतं.

तिने खोडरबर घेतलं आणि रकाना पुसून कोरा केला.

दुपारी तो ड्यूटीवरून आला. टेबलावरचा कागद बघून त्याचा बूट काढणारा हात तसाच राहिला. त्याने आईकडे पाहिलं. आई दुपटीच मोजत होती.

“आज द्यायचाय,” ती म्हणाली. “तेवढा एक रकाना राहिलाय.”

“मी पडलो तर?”

“मला उचलायला उठता येणार नाही, एवढंच.”

तो हसला नाही. खुर्ची ओढून बसला. बराच वेळ पेन्सिल नुसतीच फिरवत राहिला. मग परीक्षेला बसल्यासारखा डाव्या हाताने कागद झाकून त्याने काहीतरी लिहिलं, घडी घातली आणि दवाखान्याच्या पाकिटात सरकवली.

पाकीट उघडंच तिच्या हातात आलं. घडी उलगडायला दोन बोटं पुरली असती. तिने त्याच्याकडे पाहिलं, पाकिटाची कड जिभेला लावली आणि अंगठ्याने दाबत दाबत ते शेवटपर्यंत चिकटवलं.