चियोचा राग

मित्रांनो, मी एक जुना हात-आरसा आहे. माझा पारा कडेने उडाला आहे आणि मुठीचा रंग केव्हाच गेला. माझा जन्म ओसाकातल्या एका कारखान्यात झाला आणि पहिली नोकरी टोकियोतल्या एका न्हाव्याकडे लागली. दाढी झालेले गाल दाखवायचे, एवढंच काम. माणसं माझ्यात बघून स्वतःवर खूश व्हायची. त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं.

दुकान बंद पडल्यावर मला फुसाए नागुमो नावाच्या तरुणीने विकत घेतलं. ती मुलींच्या मासिकात चित्रकथा काढायची. त्या काळी मुलींच्या चित्रकथासुद्धा बहुतेक पुरुषच काढत. तिने मला नटायला घेतलं नव्हतं. चित्रातलं माणूस हसवायचं असलं की ती आधी माझ्यासमोर हसायची आणि मग ते हसू कागदावर उतरवायची. म्हातारे, चोर, लबाड मांजरं, सगळे मी तिच्या एकाच चेहऱ्यावर पाहिले. राग मात्र तिला जमत नसे. भुवया आवळायची, दात दाखवायची आणि दाढ दुखत असल्यासारखी दिसायची. घरी काय, शाळेत काय, तिला कोणी रागावूच दिलं नव्हतं.

आणि आता नेमका रागच हवा होता. तिच्या कथेतल्या चियोला काका शाळेतून काढतो, तेव्हा चियो त्याच्यावर ओरडते, असं फुसाएने ठरवलं होतं. संपादक ओनुमा पानं न्यायला आले आणि नेहमीप्रमाणे ती हातात पडेपर्यंत तांदळाच्या वड्या कुरकुर खात चटईवर ठाण मांडून बसले. पान बघून त्यांनी नाक मुरडलं.

"नागुमोबाई, चियोला रडवा. मुलगी रडली की वाचणाऱ्या मुली रडतात आणि मासिक खपतं. नाहीतर कथा याच अंकात गुंडाळू."

कथा गुंडाळली की फुसाएला गावी परतावं लागणार होतं. तिथे वडिलांनी तिचं लग्न ठरवत आणलं होतं. चित्रं तिथेच संपली असती.

"ती रडणार नाही, साहेब."

"अहो, मुली अशा दिसतच नाहीत!" असं म्हणत ओनुमांनी तिची लेखणी उचलली आणि चियोच्या गालावर स्वतःच दोन अश्रू काढले.

"लेखणी खाली ठेवा!" फुसाए ओरडली.

"काय झालं गं?" खालून घरमालकीणबाईंनी विचारलं. पण फुसाएला माझ्यात स्वतःचा चेहरा दिसला होता. तिने झडप घालून मला उचललं आणि कोरा कागद ओढला.

"हलू नका, साहेब."

ओनुमांच्या तोंडातली वडी तोंडातच राहिली. फुसाए भराभर रेघा ओढत होती. मध्येच थांबली.

"अरेरे, राग उतरतोय. मघाचं पुन्हा म्हणा ना."

"कुठलं?"

"मुली अशा दिसत नाहीत, ते."

"मुली... अशा दिसत नाहीत," ओनुमा चाचरत म्हणाले.

"असं मुळमुळीत नको हो! मघाशी कसा तोरा होता!"

चेहरा पुरा झाला. ओनुमांनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा घड्याळाकडे बघितलं. छापखाना खोळंबला होता.

"माझी नोकरी गेली तर तुमच्याच दारात येऊन बसेन," ते म्हणाले आणि पान घेऊन गेले.

नोकरी गेली नाही. पान छापलं गेलं, मुलींनी चियोला उचलून धरलं आणि फुसाए म्हातारी होईपर्यंत चित्रं काढत राहिली. तिच्या हाताखालच्या मुलीही माझ्यासमोर दातओठ खायला शिकल्या. पुढे तिचा हात थरथरू लागला, तसा मी खणात गेलो. तिथे मला फार एकटं वाटलं. ती गेल्यावर मला संग्रहालयात मांडलं. तिथे माझी धूळ महिनोन्‌महिने कोणी पुसत नाही.

परवा एक बाई रुसलेल्या मुलीला ओढत माझ्यापुढे घेऊन आल्या. "बघ, बघ आरशात कशी दिसतेस! चेहरा नीट कर, फोटो काढायचाय." मुलीने चेहरा नीट केला. मी तो तसाच दाखवला. मला दुसरं काही येत नाही.

मित्रांनो, माझी धूळ राहिली तरी चालेल. पण रागावलेल्या मुलीला माझ्यासमोर उभं करू नका. आधी तिला विचारा, झालं काय.